परळचा सरकारी बंगला: मठापासून प्रयोगशाळेपर्यंत



 आज एका घराची गोष्ट सांगायची आहे. ते घर ठाण्यात नाही, कल्याण-डोंबिवलीतही नाही. ते परळला आहे, आचार्य दोंदे मार्गावर. आपल्यातले कितीतरी जण रोज परळला उतरतात. कुणी कामाला जातात, कुणी केईएममध्ये किंवा टाटा रुग्णालयात आपल्या माणसाला घेऊन जातात. या सगळ्यांची वाट त्या घराच्या जवळून जाते. फाटकावर पाटी हाफकिन इन्स्टिट्यूटची आहे. हाफकिन म्हटले की आपल्याला लस आठवते, सर्पदंशावरचे औषध आठवते. पण या संस्थेची मुख्य इमारत शंभरहून अधिक वर्षे मुंबईच्या गव्हर्नराचे निवासस्थान होती आणि त्याही आधी तो जेझुइट पाद्र्यांचा मठ होता.

परळच्या घराची गोष्ट ठाण्याच्या व्याख्यानमालेत का सांगायची, असे कुणी विचारील. त्याचे कारण असे की ज्या गव्हर्नराने हे घर प्रथम आपले कायमचे निवासस्थान केले, त्याच्याच कारकिर्दीत इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. आपल्या तिन्ही शहरांत जुनी घरे झपाट्याने जात आहेत. जी उरली आहेत ती कशी टिकवायची याचा विचार करताना, जे घर खरोखर टिकले त्याचा इतिहास नीट पाहिला पाहिजे. माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. वास्तू केवळ कौतुकाने टिकत नाही. तिच्यात लोकांना लागणारे काम चालू राहिले तर ती टिकते. परळच्या बंगल्याइतका याचा स्पष्ट पुरावा मुंबई परिसरात क्वचितच सापडेल.

दुसऱ्याच्या घरात आलेले राज्य

मुंबईत इंग्रज आले तेच मुळी दुसऱ्याच्या घरात. १६६१ च्या विवाहकराराने पोर्तुगालने मुंबई बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला दिले. प्रत्यक्ष ताबा हंफ्री कुक याने १८ फेब्रुवारी १६६५ रोजी घेतला आणि तो कागद झाला तो इग्नेझ दि मिरांदा या पोर्तुगीज जमीनदार बाईंच्या वाड्यात. हा वाडा पूर्वी गार्सिया द ओर्ता या वैद्याचा होता. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. इंग्रजांनी या वाड्याभोवती तट घातला, बुरूज बांधले आणि त्याचा बॉम्बे कॅसल केला. म्हणजे मुंबईतल्या इंग्रजी राज्याचे पहिले कार्यालयसुद्धा एका जुन्या पोर्तुगीज वाड्यातच बसले.

परळला तेव्हा जेझुइटांचे चर्च होते आणि त्याला जोडून बराच जमीनजुमला होता. १६७० च्या दशकात मुंबईत आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टराने त्याची नोंद करून ठेवली आहे. पुढे १६८९-९० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकुतखानाने मुंबईवर चाल केली. त्या वेळी जेझुइटांनी सिद्दीला मदत केली असा संशय इंग्रजांनी घेतला. दोघांत आधीच तेढ होती, ती आणखी वाढली. १७२० च्या सुमारास परळचा मठ आणि चर्च कंपनीच्या ताब्यात गेले. सुरुवातीला गव्हर्नर ते गावाबाहेरचे विश्रांतीचे ठिकाण म्हणून वापरू लागले. कोटातल्या गर्दीतून आणि उकाड्यातून सुटायला नारळी-आंब्यांच्या बागांमधली ही जागा सोयीची होती.

परळची मूळ वास्तू कशी असेल याची कल्पना ज्यांना करायची आहे त्यांनी वसईच्या किल्ल्यात किंवा बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराला जावे. पोर्तुगीज मठांची मांडणी साधारण ठरलेली असे. मधे प्रार्थनेची लांबट खोली असते. तिच्या भिंती जाड, दगड-चुन्याच्या. आत मधे खांब नसतात, कारण सगळ्यांना वेदी दिसली पाहिजे. तिला लागून चौक, चौकाभोवती ओवऱ्या आणि ओवऱ्यांच्या मागे राहण्याच्या खोल्या. पाऊस चार महिने कोसळतो, उन्हाळ्यात अंगाची लाही होते, खारी हवा लोखंड खाऊन टाकते. अशा कोकणात जाड भिंती आणि ओवऱ्यांची ही रचना चांगली चालते. आपल्या गवंड्यांना आणि सुतारांनाही ती परकी नव्हती. हे सगळे बांधकाम त्यांच्याच हातांनी झाले. कागदोपत्री त्यांची नावे उरली नाहीत, पण त्यांचे काम भिंतींच्या रूपाने उभे आहे.

हॉर्नबी आणि ठाण्याचा किल्ला

१७७१ साली विल्यम हॉर्नबी गव्हर्नर झाला. परळला कायम मुक्काम करणारा पहिला गव्हर्नर तोच. वरळीचा बांध घालून समुद्राचे पाणी अडवण्याच्या कामाशी त्याचे नाव जोडलेले आहे. ठाणेकरांनी मात्र त्याला वेगळ्या कारणासाठी ओळखले पाहिजे.

ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला. तो पुरा होण्याआधीच, १७३७ साली, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला आणि साष्टी मराठ्यांकडे आली. १७३९ मध्ये वसई पडली. मुंबईच्या इंग्रजांचा डोळा साष्टीवर बराच काळ होता, कारण बेटावरच्या माणसांना लागणारे धान्य आणि इतर माल याच बाजूने येई. १७७४ मध्ये गोव्याहून पोर्तुगीज साष्टी परत घ्यायला येणार अशी बातमी आली, तेव्हा हॉर्नबीने घाई केली. डिसेंबरात सैन्य ठाण्याला आले. या वेढ्यात आरमाराचा प्रमुख जॉन वॉटसन प्राणघातक जखमी झाला. २८ डिसेंबरला किल्ला पडला. पुढच्या मार्चमध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह झाला, पहिले इंग्रज-मराठा युद्ध पेटले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची इंग्रजांकडे राहिली.

या सगळ्या काळात मुंबई सरकारचा प्रमुख परळच्या घरात राहत होता. जेझुइटांच्या जुन्या मठात राहणाऱ्या माणसाने पोर्तुगीजांनी बांधलेला आणि मराठ्यांच्या ताब्यात असलेला किल्ला घेतला. ठाणे जिंकल्यावरही इंग्रजांनी तीच रीत चालू ठेवली. नवे बांधण्यापेक्षा हाती आलेल्या वास्तूला नवे काम लावायचे. ठाण्याच्या किल्ल्याचा त्यांनी तुरुंग केला. घोडबंदरच्या टेकडीवरची घुमटाची पोर्तुगीज वास्तू अधिकाऱ्यांच्या निवासासाठी वापरली. परळ, ठाणे आणि घोडबंदर एकत्र ठेवून पाहिली की हा धागा स्पष्ट दिसतो.

बेट आणि साष्टी जोडणारा रस्ता

हॉर्नबीनंतर परळच्या इतिहासात जोनाथन डंकन महत्त्वाचा. तो १७९५ पासून १८११ पर्यंत गव्हर्नर होता. मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामध्ये तेव्हा खाडी होती आणि लोक होडीने ये-जा करीत. डंकनच्या काळात शीवची खाडी भरून रस्ता झाला. आज ठाण्याहून शीवमार्गे मुंबईकडे जाणारा माणूस त्याच जागेवरून जातो.

डंकन स्वतः कोटात राहत असे. म्हणून १८०४ साली नवे न्यायाधीश जेम्स मॅकिन्टॉश मुंबईत आले तेव्हा त्याने परळचे घर त्यांना राहायला दिले. मॅकिन्टॉश तत्त्वज्ञानाचे अभ्यासक आणि दांडगे वाचक होते. २६ नोव्हेंबर १८०४ रोजी परळला त्यांच्या निवासस्थानी काही मंडळी जमली आणि लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बेची स्थापना झाली. तीच पुढे एशियाटिक सोसायटी झाली. टाउन हॉलच्या पायऱ्या चढून ज्यांनी तिच्या ग्रंथालयात आयुष्याची वर्षे घालवली त्यांत महामहोपाध्याय पां. वा. काणे होते, दुर्गाबाई भागवत होत्या. महाराष्ट्राच्या विद्येला इतके देणाऱ्या ग्रंथालयाची पहिली बैठक परळच्या घरी भरली ही गोष्ट आपण मुलांना सांगितली पाहिजे.

घराची अंतर्रचना

आता थोडे घराच्या आत जाऊ. १८२५ साली बिशप रेजिनाल्ड हीबर मुंबईत आले. ठाणेकरांना त्यांचे नाव माहीत असायला हवे, कारण ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चची प्रतिष्ठापना त्यांनीच केली. त्या वेळी ते गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे पाहुणे होते. त्यांनी परळच्या बंगल्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यात देखणा जिना आहे आणि एकावर एक अशी दोन मोठी दालने आहेत, प्रत्येकाची लांबी पाऊणशे ते ऐंशी फूट. खालचे दालन भोजनाचे, आणि तेच पूर्वीचे चर्च होते असे सांगतात, अशी नोंद हीबर करतात.

या एका वर्णनावरून मठाचे घर कसे झाले ते उलगडते. प्रार्थनेच्या खोलीला रुंदी होती, लांबी होती आणि मधे खांबांचा अडथळा नव्हता. शे-दीडशे पाहुण्यांना एका पंगतीला बसवायचे तर याहून चांगली जागा कुठली? भिंती आधीच जाड होत्या, त्यामुळे वर दुसरे दालन चढवता आले. वरचे दालन दरबाराला आणि नृत्याला. पाहुणा गाडीतून उतरला की त्याने जिन्याने वर यायचे आणि जिना चढतानाच त्याला गव्हर्नराच्या वैभवाची जाणीव व्हावी, अशी ही आखणी आहे. मठाला अशा जिन्याची गरज नव्हती, कारण तिथे येणाऱ्याने नम्रतेने आत शिरायचे असते. राज्यकर्त्याच्या घराला मात्र त्याची फार गरज असते. वास्तूचा हेतू बदलला की सगळ्यांत आधी तिची प्रवेशाची वाट बदलते. जुन्या घरांचा अभ्यास करणाऱ्याने ही गोष्ट नेहमी तपासून पाहावी.

एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ या काळात गव्हर्नर होते. त्यांनी मुख्य इमारतीला दोन्ही बाजूंनी पंख जोडले. त्यामुळे मधला जुना भाग कायम राहिला आणि घराला लांबलचक, समतोल दर्शनी बाजू मिळाली. एल्फिन्स्टन हे नाव आपल्याला पेशवाईच्या शेवटाशी जोडून माहीत आहे. १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली तेव्हा पुण्यात इंग्रजांचे वकील तेच होते. पेशवाई बुडाल्यावर पुढच्या वर्षी ते मुंबईचे गव्हर्नर झाले. मुंबई इलाख्यात शिक्षणाची सोय त्यांच्या काळात रुजू लागली. अशा माणसाच्या हातून वाढलेले घर जतन करायचे म्हणजे परक्या राज्याचा उदोउदो करायचा, असे कुणाला वाटेल. मला तसे वाटत नाही. पराभवाचा इतिहासही आपलाच असतो, आणि तो ज्या भिंतींमध्ये घडला त्या भिंती हाताला लागल्या तर तो अधिक नीट समजतो.

गव्हर्नरांची राहण्याची ठिकाणे ऋतूप्रमाणे ठरत. थंडीत परळ, उन्हाळ्यात मलबार पॉइंटची समुद्राकडची जागा, पावसाळ्यात पुणे. आधी पुण्याजवळ दापोडीला बंगला होता. नंतर गणेशखिंडीत नवे गव्हर्नमेंट हाउस उभे राहिले. त्याचे काम सर बार्टल फ्रिअर यांच्या काळात १८६४ मध्ये सुरू झाले आणि १८७१ मध्ये संपले. तीच आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. तिचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण तिलाही १९४९ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाने नवे काम दिले आणि म्हणून ती आज शाबूत आहे.

गिरण्या, कॉलरा आणि रिकामे घर

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. ठाण्याला तो आपला अभिमानाचा दिवस वाटतो आणि ते योग्यच आहे. पण त्याच रेल्वेने परळचे रूप पालटले. रेल्वेचे कारखाने परळला आले. त्याच दशकात मुंबईत कापडगिरणी सुरू झाली, आणि पुढच्या काही दशकांत परळ-लालबाग भाग गिरणगाव झाला. बागांच्या जागी चाळी उठल्या, धुराड्यांचा धूर आला, आणि कोकणातून, घाटावरून आलेल्या कामगारांची दाटी झाली. सांडपाण्याची सोय त्या वेगाने झाली नाही. रोगराई वाढली.

१८७५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडचे युवराज, पुढचे सातवे एडवर्ड, मुंबईला आले तेव्हा त्यांचा मुक्काम परळलाच होता. त्या घराचा तो शेवटचा मोठा दरबारी प्रसंग म्हणता येईल. कारण सातच वर्षांत, १८८२ साली, गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी लेडी फर्ग्युसन कॉलऱ्याने याच घरात वारल्या. त्यानंतर गव्हर्नरांनी परळ सोडले आणि मलबार पॉइंटला बिऱ्हाड हलवले. राज्यपालांचे निवासस्थान आजही तिथेच आहे.

कॉलरा गिरणगावातल्या चाळींत रोज माणसे नेत होता. तो गव्हर्नराच्या घरात शिरला तेव्हा गव्हर्नराला दुसरीकडे जाता आले. चाळीतल्या माणसाला जायला दुसरी जागा नव्हती. परळच्या घराची गोष्ट सांगताना हे विसरून चालणार नाही.

मग घर ओस पडले. कुठल्याही जुन्या वास्तूचा सर्वांत धोक्याचा काळ हाच असतो. छप्पर गळू लागते, लाकूड कुजते, माणसांचा वावर थांबतो आणि पाडून टाकण्याचे कारण आपोआप तयार होते. परळचे घर त्यातून वाचले ते एका भयंकर साथीमुळे.

प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. काही महिन्यांत निम्मे शहर गाव गाठू लागले आणि रोग रेल्वेच्या डब्यांतून बाहेर पसरला. मुंबईहून निघालेल्या प्रवाशांची कल्याणला तपासणी होऊ लागली. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग कमिटीचा प्रमुख रँड गणेशखिंडीतल्या गव्हर्नमेंट हाउसमधून व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव आटोपून परतत असताना चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच काळात गव्हर्नराच्या जुन्या घरात, परळला, प्लेगचे इस्पितळ चालू होते. नव्या सरकारी वाड्यात राणीचा उत्सव आणि जुन्या वाड्यात प्लेगच्या रुग्णांच्या खाटा, असे हे वर्ष होते.

व्लादिमिर हाफकिन मूळचे ओडेसाचे, ज्यू कुटुंबातले. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कॉलऱ्यावरची लस तयार केली आणि १८९३ पासून ते हिंदुस्थानात ती टोचत फिरत होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईला आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली आणि व्हरांडा एवढीच त्यांची प्रयोगशाळा. तिथे त्यांनी प्लेगवरची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात ती कैद्यांवर वापरली गेली.

ही लस करण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवायचे. रसावर तुपाचे थेंब सोडायचे. त्या तरंगत्या थेंबांना धरून जंतू खाली वाढत जातात. पुरेशी वाढ झाली की उष्णता देऊन ते मारायचे, म्हणजे लस तयार. मांस बकऱ्याचे वापरत, कारण गाईचे मांस हिंदूंना चालणार नाही आणि डुकराचे मुसलमानांना. स्वयंपाकघरातले तूप आणि लोकांच्या श्रद्धांचा मान या दोन्ही गोष्टी शास्त्राच्या कामात आल्या.

एवढी लस करायला जागा हवी होती. काही तात्पुरत्या जागा बदलल्यावर परळचे जुने सरकारी घर हाफकिन यांना मिळाले. १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते तिथे प्लेग रिसर्च लॅबोरेटरीचे उद्‍घाटन झाले. या कामाला काय लागते? उंच छताच्या थंड खोल्या, भरपूर उजेड, जाड भिंती, वस्तीपासून वेगळे ठेवता येईल असे मोठे आवार. मठाला आणि महालाला जे लागत होते तेच प्रयोगशाळेलाही लागत होते. म्हणून घर न पाडता कामाला लागले.

विज्ञानाचे घर

हाफकिन यांच्या वाट्याला पुढे मोठा अन्याय आला. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. त्याचा दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आणि तिच्या प्रमुखावर टाकला गेला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून त्यांची बाजू मांडली, आणि अखेर दूषण गेले.

त्याच वर्षांत परळच्या आवारात प्लेगचे कोडे सुटले. प्लेग माणसाला कसा होतो याबद्दल तोवर वाद होता. हवेतून होतो, जमिनीतून होतो, घाणीतून होतो, असे अनेक तर्क होते. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने इथे काम केले. ग्लेन लिस्टन हे त्यातले एक महत्त्वाचे संशोधक होते. आवारात खास खोल्या बांधून त्यांत उंदीर आणि गिनीपिग ठेवले. काही गिनीपिग जमिनीवर मोकळे, काही पिसवांना उडी मारून पोहोचता येणार नाही एवढ्या उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यांत. खालचे मेले, वरचे वाचले. उंदरावरच्या पिसवांमधून प्लेग पसरतो हे सिद्ध झाले. हे कळल्यावर प्लेगशी लढण्याची दिशाच बदलली. माणसांना घरातून हुसकावण्यापेक्षा उंदीर आणि घुशी यांचा बंदोबस्त करणे, धान्याची कोठारे नीट बांधणे, घरे उजेडाची आणि हवेशीर करणे याकडे लक्ष गेले. हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे नेली. ही संख्या कमी होण्यात परळच्या कामाचा मोठा वाटा आहे.

१९०६ मध्ये संस्थेचे नाव बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी झाले आणि १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट. १९३२ मध्ये साहिब सिंग सोखी हे पहिले भारतीय संचालक झाले. सर्पविषावरचे प्रतिविष, औषधांची तपासणी, प्लेगवरचे नवे उपचार, पुढे पोलिओची तोंडाने द्यायची लस अशी कामे वाढत गेली. १९७५ मध्ये औषधनिर्मितीचा भाग वेगळा कंपनीकडे गेला आणि संशोधन जुन्या संस्थेकडे राहिले. आपण लहानपणी पोलिओचे दोन थेंब घेतले असतील, किंवा आपल्या मुलांना बूथवर नेले असेल, तर या घराशी आपला संबंध आला असण्याची शक्यता मोठी आहे.

आपल्या तीन शहरांसाठी

आता मूळ मुद्द्याकडे येतो. परळचे घर तीनदा वाचले. मठ बंद झाला तेव्हा त्याचे निवासस्थान झाले, निवासस्थान सोडले तेव्हा इस्पितळ झाले, इस्पितळाची निकड सरली तेव्हा प्रयोगशाळा झाली. दर वेळी कुणीतरी घराच्या ताकदीचा आणि नव्या कामाच्या गरजेचा मेळ घातला. मुंबईसाठी वारसा नियमावली १९९५ मध्ये आली. त्याच्या कितीतरी आधीच परळचे घर वाचलेले होते. कायदा हवाच, पण कायदा हातोडा थांबवतो आणि काम छप्पर दुरुस्त करते. वास्तूला दोन्ही लागतात.

एवढे सांगून थांबलो तर गोष्ट अर्धी राहील. कारण कामाने वास्तू टिकली तरी ती लोकांपासून लपू शकते. ठाण्याचा किल्ला टिकला आहे, पण तुरुंग म्हणून. १९१० च्या एप्रिलमध्ये अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना तिथेच फाशी झाली. अशा जागेचा तट ठाणेकराला बाहेरूनच पाहावा लागतो आणि आपल्या अनेक मुलांना तर तो किल्ला आहे हेही माहीत नसते. म्हणून मी दोन अटी मांडतो. वास्तूत काम चालले पाहिजे आणि ठरलेल्या दिवशी तरी तिची दारे लोकांना उघडी झाली पाहिजेत. संस्थेच्या कामात अडथळा न येता हे करता येते. तेवढी इच्छा आणि थोडी शिस्त हवी.

कल्याणच्या पारनाक्याला आणि टिळक चौकाच्या परिसरात फिरलात तर अजून काही वाडे दिसतील. सुभेदारवाड्याचे नाव आज घराघरात घेतले जाते ते शाळेमुळे आणि गणेशोत्सवामुळे. एका पेशवेकालीन नावाला या दोन कामांनी जिवंत ठेवले. बाकीच्या वाड्यांच्या मालकांना आपण दोष देऊ नये. चार भावांत वाटणी झालेले, भाडेकरूंनी भरलेले, पावसाळ्यात गळणारे घर सांभाळणे किती कठीण आहे ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी पुनर्विकासाचा करार केला तर तो हौसेने केलेला नसतो. त्यांना नुसता उपदेश करून वाडा वाचत नाही. त्यांना उत्पन्न देणारे काम त्या घरात आणून द्यावे लागते. वाचनालय, बालवाडी, वैद्यांचा दवाखाना, संगीताचे वर्ग, वकिलांची कार्यालये, छोटे संग्रहालय यांतले काहीही चालेल. पालिकेने अशा घरांना करात सूट आणि दुरुस्तीला तज्ज्ञांची मदत दिली, तर मालकही मनापासून पुढे येतील.

आणि जी घरे खरोखर वाचू शकत नाहीत, त्यांची निदान नोंद ठेवूया. पाडण्याआधी मोजमाप घेऊन नकाशा काढावा, छायाचित्रे घ्यावीत, खांब, तुळया आणि कोनाडे यांची वर्णने लिहावीत, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. हे काम महाविद्यालयातले विद्यार्थी उत्तम करतील. दर वर्षी दहा घरे झाली तरी दहा वर्षांत शंभर घरांचा संग्रह तयार होतो. हीबर यांनी पाहुणा म्हणून लिहिलेल्या काही ओळींवरून आज, दोनशे वर्षांनी, आपण परळच्या चर्चचे भोजनगृह कसे झाले ते सांगू शकतो. आपण आपल्याच घरांबद्दल एवढेही लिहून ठेवले नाही, तर पुढच्या पिढीने काय वाचायचे?

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही वाचणाऱ्यांची, ऐकणाऱ्यांची शहरे आहेत. इथे व्याख्यानाला सभागृह भरते. या ताकदीने ठरवले तर प्रत्येक जुन्या वास्तूसाठी, ती पडायला येण्याआधी, तिच्यात पुढची पन्नास वर्षे कोणते काम चालेल याची योजना करता येईल. हे काम फक्त सरकारचे नाही आणि फक्त मालकाचेही नाही. या व्याख्यानमालेने त्याची पहिली यादी या वर्षीच करायला घ्यावी, अशी माझी मनापासून विनंती आहे. त्या कामात मी तुमच्या बरोबर आहे.